बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर प्रोटीन शेकची निवड (कोकण किनारा)

वजन घटवण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया झाल्यावर, साध्या जेवणातून पुरेशी प्रथिने मिळू लागेपर्यंत, प्रथिनांची पूड पाण्यात किंवा दुधात कालवून घेतात. तिची निवड हा या उपचाराचाच भाग आहे. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये अन्नासाठी जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी उरते आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळला जातो. शरीराची गरज मात्र कमी होत नाही: दिवसाला किमान ६० ग्रॅम, आणि काहींना आदर्श वजनाच्या दर किलोमागे १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिने लागतात. ती पोटात गेली नाहीत तर उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातले रुग्ण या शस्त्रक्रियेसाठी बहुधा मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोवा गाठतात आणि लवकरच आहारतक्ता घेऊन गावी परततात. पहिले साधारण दोन आठवडे पातळ, पुढचे दोन वाटलेले, मग मऊ आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न, असा क्रम असतो. तक्त्यावरचा डबा तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळेलच असे नाही. मग दुकानदार देईल तो घेतला जातो, किंवा गावी येणाऱ्या चाकरमान्याला सांगून मुंबईहून मागवला जातो. म्हणून एका विशिष्ट नावापेक्षा डब्यामागचा मजकूर वाचता येणे जास्त उपयोगी.

आजाऱ्याला पेज द्यायची ही घराघरातली रीत इथे अपुरी पडते. वाटीभर पातळ पेजेत प्रथिने एक-दोन ग्रॅमच. शहाळ्यात जवळजवळ नाहीतच, आणि नारळाच्या रसात प्रथिनांपेक्षा स्निग्धांशच जास्त. कुळथाची पिठी त्या मानाने बरी, कारण कुळथात १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. पण पिठीला पीठ लागते दोन चमचे, म्हणजे हाती येतात पाचेक ग्रॅम. साखरेचे कोकम सरबत प्रेमाने पुढे केले जाते, ते बायपास झालेल्याने टाळावेच. साखर झपाट्याने आतड्यात उतरली की घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब होतात. यालाच डंपिंग म्हणतात.

डबा उलटा करून पहिल्यांदा पाहायचे ते एका मापातल्या पुडीचे वजन आणि तीत प्रथिने किती. ३० ग्रॅम पुडीत २४ ग्रॅम म्हणजे ८० टक्के, हे चांगले. दुधात घालायच्या ओळखीच्या ‘पौष्टिक’ पुडींपैकी काहींत हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते, उरलेले बरेचसे साखर आणि पीठ. अशी पूड बाळंतिणीला किंवा शाळकरी पोराला चालेल, ३० मिलिलिटरच्या पिशवीत तिला जागा देणे परवडत नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिल्या तीन नावांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (पिठापासून केलेली, झटकन पचणारी पूड) दिसले तर डबा परत ठेवावा. साखरेऐवजी माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असेल तर काहींना वायू आणि जुलाब होतात.

यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळे नोंदवलेले असेल तर सावध राहावे. प्रथिने मोजण्याची रूढ पद्धत नायट्रोजन मोजते आणि त्यावरून हिशेब मांडते. अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांचे घटक, त्यांतही नायट्रोजन असतो; ग्लायसिन-टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्ले मिसळली की आकडा फुगतो, स्नायूंना मात्र त्याचा तेवढा लाभ नसतो. डब्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाचा) चौदा अंकी परवाना क्रमांकही असायला हवा.

प्रकारांत पहिली पसंती व्हे आयसोलेटला दिली जाते. व्हे म्हणजे पनीर करताना दुधातून सुटणारे पाणी; त्यातली प्रथिने वेगळी काढून ही पूड करतात. त्यात प्रथिने ९० टक्क्यांच्या आसपास आणि लॅक्टोज (दुधातली साखर) नाममात्र. व्हे कॉन्सन्ट्रेट स्वस्त, पण त्यात लॅक्टोज जास्त, आणि बायपासनंतर दूध न पचण्याची तक्रार नव्याने सुरू होऊ शकते. दूध नको असणाऱ्याला सोया आयसोलेट हा सर्व आवश्यक अमिनो आम्ले असलेला पर्याय आहे. कोलॅजेन या कातडी-हाडांपासून काढलेल्या प्रथिनाचे त्वचा-केसांसाठी कितीही गुणगान होवो, त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. मुख्य प्रथिन म्हणून ते धरू नये.

जिभेचा भरवसा नसतो. शस्त्रक्रियेआधी आवडलेले चॉकलेट नंतर नुसत्या वासाने नकोसे होते, आणि दोन किलोचा डबा फडताळात पडून राहतो. आधी सुटी पाकिटे घ्यावीत. गोडाचा कंटाळा आलेल्यांना बिनस्वादाची पूड मुगाच्या पातळ कढणात ढवळता येते. कढण कोमट हवे, उकळत्यात व्हेच्या गुठळ्या होतात. हलवल्यावर फेस बसू द्यावा आणि घोट घोट प्यावे. एका दमात प्यायला जाणारा शेक या पोटाचा नाही.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात आणि लोक पूड दुप्पट करतात. झपाट्याने वजन उतरणे हेही त्याचे एक कारण आहे, त्यामुळे प्रथिने पुरेशी असूनही काही काळ गळती होते. जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची जागा शेक घेत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

मऊ अन्न सुरू झाले की किनाऱ्यावरच्या रुग्णाची बाजू भक्कम होते. १०० ग्रॅम मासळीत साधारण १८ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. वाफवलेली सुरमई, किंवा बारीक काटे नसलेली मोरी (लहान शार्क), खोबऱ्याचे दाट वाटण न घालता, हे बहुतेकांना झेपते. ओला बोंबील मऊ असला तरी त्यात पाणीच फार. मासळी अंगाला लागू लागली की शेक दिवसातून एकदाच पुरतो, पुढे तोही सुटतो.

पावसाळ्यात हिशेब बदलतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, लगेच श्रावणात अनेक घरांत वशाट (मांस-मासळी) बंद. अंडी, पनीर आणि डाळ यांवर ६० ग्रॅम गाठणे लहान पोटाला जड जाते, म्हणून सुटलेला शेक या महिन्यांत परत सुरू करणे शहाणपणाचे. सुका जवळा प्रथिनांत उत्तम, पण खारवलेल्या सुक्या मासळीतल्या मिठामुळे रक्तदाबाच्या रुग्णाने ती भिजवून, पाणी टाकून घ्यावी. दमट हवेत पुडीचे खडे होतात. मापाला ओला हात लावू नये, झाकण घट्ट असावे, मोठ्या डब्यातली पूड आठवड्यापुरती छोट्या बरणीत काढावी. कालवलेला शेक वीज गेलेल्या फ्रिजमध्ये ठेवून संध्याकाळी पिऊ नये. लागेल तेवढाच त्या वेळी करावा.