भुतांचं कोकण, भांडकुदळ कोकण: ही इमेज आली कुठून?

टीव्हीवर कोकणी माणूस म्हटला की साचे ठरलेले, मालवणीत बडबडणारा नोकर, बांधावरून भावकीला कोर्टात खेचणारा म्हातारा, नाहीतर रात्री विहिरीपाशी दिसणारी बाई. आणि गंमत म्हणजे यातलं बरंचसं बाहेरच्यांनी रचलेलं नाहीच, आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांसाठी केलेली मस्करी होती ती.

सुरुवात गिरण्यांपासून धरा. मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी निघाली १८५४ ला, पुढे गिरण्या वाढत गेल्या तशी रत्नागिरी जिल्ह्यातली (सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच, वेगळा झाला १९८१ ला) पोरं बोटीने मुंबई गाठून गिरणगावात शिरली, आणि ज्याचं गिरणीत जमलं नाही तो कुणाच्या तरी घरी घरगडी म्हणून राहिला. पांढरपेशा घरांना कोकणी माणूस रोज दिसायचा तो भांडी घासताना, मग नाटकात त्याला दुसरा रोल कोण देणार?

गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं १९८० ला. गावातले हौशी लोक द्रौपदीचं नाटक बसवायला जातात आणि पार विचका करतात, त्यातले मुख्य नट मच्छिंद्र कांबळी यांच्यामुळे ते एवढं गाजलं की प्रयोग पाच हजारांच्या वर गेले. त्यात मालवणी माणूसच सगळं होता, सरपंच तोच, मूर्ख तोच, शहाणापण तोच. नंतरच्या टीव्ही स्किटवाल्यांनी त्यातला फक्त हेल आणि 'व्हय म्हाराजा' उचललं, बाकीचा माणूस तिथेच सोडला.

भुतांचंही तसंच. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा आहे, त्याला लोक भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा. म्हणजे रात्री फिरणारा आमच्याकडे राखणदार आहे हो, ज्याच्या भरवशावर गाव झोपतं! २०१६ ला 'रात्रीस खेळ चाले' ही भुताटकीची टीव्ही मालिका सुरू झाली तेव्हा कोकणातून विरोध झाला तो याच रागातून, पण नंतर जिथे तिचं शूटिंग झालं तो आकेरीचा वाडा बघायला गाड्या भरून लोक यायला लागले आणि विरोध विरला. धंदा झाला ना.

यात बाकीचं कोकण कुठेच नाही. संगमेश्वरी बोली ऐकू येत नाही, दापोली-खेड-श्रीवर्धनचे कोकणी मुसलमान तर दिसतच नाहीत, कोळी दिसतो तो फक्त रुमाल नेसून नाचताना. सिंधुदुर्ग १९९७ ला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली, आता रीलवाल्यांचा नारळ-समुद्र-मोदक असा गोडगोड साचा आलाय, त्यातही इथली माणसं फक्त जेवण वाढायला.

नुसती करमणूक असती तर सोडून दिलं असतं. पण २०२३ च्या एप्रिलमध्ये राजापूरजवळच्या बारसूच्या सड्यावर (म्हणजे कातळाच्या माळावर) रिफायनरीच्या माती परीक्षणाला विरोध करत बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या, त्यांचं म्हणणं काय तर आंबा-काजू, पाणी, आणि सड्यावरची कातळशिल्पं, म्हणजे जुन्या काळी कातळात कोरलेली चित्रं, वाचली पाहिजेत. रिफायनरी हवी की नको हा वेगळा वाद, पण कित्येकांनी हे ऐकूनच घेतलं नाही, 'कोकणी माणूस आडमुठा, त्याला विकास नकोच' हे उत्तर त्यांच्याकडे तयार होतं.