एनजीसी १३६५ गोव्यातून दिसते, हो!

‘ती दक्षिणेकडची दीर्घिका, ऑस्ट्रेलियालाच जावं लागतं’ हे गोव्यातले हौशी आकाशनिरीक्षक वर्षानुवर्षं ऐकत आलेत. साफ चूक. फोर्नॅक्स या तारकासमूहातली, मध्ये दांडा असलेली ही सर्पिल दीर्घिका खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताची आकाशातली रेषा) ३६ अंश दक्षिणेला आहे. गोव्याचा अक्षांश साधारण १५.५ उत्तर. ९० मधून दोन्ही वजा करा: ती दक्षिण क्षितिजापासून ३८ अंशांवर चढते. डिसेंबरच्या मध्यावर, रात्री साडेदहाच्या सुमारास.

खरी अडचण उजेडाची. दीर्घिकेची प्रत (तेजाचं माप; आकडा मोठा तितकी वस्तू मंद) ९.५च्या आसपास, तीही पसरलेली. पणजीच्या झगमगाटात शोधणं व्यर्थ. काणकोणकडच्या काळोखात आठ इंची दुर्बिणीत धुरकट डाग दिसेल. फोटोतले रंग मात्र विसरा. ते कॅमेऱ्याचे लाड, डोळ्याला राखाडीच!