१ नोव्हेंबर २००५ ची रेघ : महाराष्ट्रातील जुन्या पेन्शनच्या वादाची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर शासकीय सेवेत रुजू झालेल्यांना ‘महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२’, म्हणजेच ‘जुनी पेन्शन’ देणारे नियम, लागू राहिले नाहीत. या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे कर्मचारी एकाच कार्यालयात, एकाच वेतनश्रेणीत काम करतात. म्हातारपणीची तजवीज मात्र दोघांची वेगळी आहे. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत झालेला राज्यव्यापी संप याच फरकातून उभा राहिला.

ब्रिटिश अमदानीत पेन्शन ही सरकारची मर्जी मानली जाई. पेन्शनसंबंधीचे दावे दिवाणी न्यायालयांनी ऐकू नयेत, अशी तरतूदच १८७१ च्या पेन्शन कायद्यात होती. (त्याच्या बरीच आधी, दुसऱ्या बाजीरावाची सालीना आठ लाखांची नेमणूक नानासाहेबांना नाकारून कंपनीने या मर्जीचा अर्थ मराठी मुलखाला पुरता दाखवून दिला होता.) स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात आणि १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात, निवृत्तिवेतन हे दान नसून केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे, असे स्पष्ट केले. १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारक आजही पाळतात.

हक्क मिळाला, पण त्यासाठी स्वतंत्र निधी कोणीच उभारला नाही. १९८२ च्या नियमांनुसार पूर्ण सेवा झालेल्याला अखेरच्या वेतनाच्या साधारण निम्मे निवृत्तिवेतन, त्यावर महागाईवाढ, अंशराशीकरणाची (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेण्याची) सोय आणि पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. प्रत्येक वेतन आयोगानंतर मूळ रकमेतही सुधारणा होते. यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून काहीही कापले जात नाही आणि सारा खर्च त्या त्या वर्षीच्या महसुलातून भागवला जातो. आयुर्मान वाढत गेले, पाचव्या वेतन आयोगानंतर राज्यांच्या तिजोऱ्यांवर ताण आला आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही रचना किती काळ टिकेल, याची चर्चा सुरू झाली. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून सैन्यदले वगळून नव्या भरतीसाठी अंशदानावर, म्हणजे कर्मचारी व शासन दोघांनी भरायच्या हिश्श्यावर, आधारलेली पद्धत लागू केली. पश्चिम बंगालने ती स्वीकारली नाही. महाराष्ट्राने मात्र २००५ मध्ये ‘परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना’ आणली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत वर्ग केली. कर्मचाऱ्याचे १० टक्के आणि शासनाचे सुरुवातीला १० व नंतर १४ टक्के अंशदान जमा होते; निवृत्तीच्या वेळी त्यातील किमान ४० टक्के रकमेतून ॲन्युइटी (विमा कंपनीकडून मिळणारी नियमित पेन्शन) घ्यावी लागते. हाती किती येईल, हे बाजारावर आणि त्या वेळच्या दरांवर ठरते, म्हणजे जोखीम तिजोरीकडून कर्मचाऱ्याकडे सरकली.

या वादात एक हिशेब सहसा मांडला जात नाही. अशा बदलाचा पहिला परिणाम खर्च वाढण्याचा असतो, कारण जुन्यांची पेन्शन चालूच राहते आणि नव्यांचे अंशदानही भरावे लागते. २००६ मध्ये पंचविसाव्या वर्षी लागलेला लिपिक अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २०३९ च्या सुमारास निवृत्त होईल. बचत दिसू लागेल ती तेव्हा. याच्या उलट, आज जुनी पेन्शन परत दिली तर शासनाचे अंशदान तत्काळ थांबते आणि बिल मात्र पंधरा-वीस वर्षांनी येते. निर्णय घेणाऱ्या सरकारला ते क्वचितच भरावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ मधील अभ्यासाचे म्हणणे असे की, सर्व राज्ये जुन्या पद्धतीकडे वळली तर एकत्रित भार नव्या प्रणालीच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो.

कर्मचाऱ्यांची तक्रार मात्र पोकळ नव्हती. जिल्हा परिषद शिक्षकांच्या संघटना कपातींचा हिशेब वेळेवर मिळत नाही म्हणून वर्षानुवर्षे भांडत होत्या. सेवेत असताना मृत्यू आल्यास कुटुंबाला जुन्या नियमांसारखे निवृत्तिवेतन नव्हते. ती उणीव राज्याने २०२३ मध्ये भरून काढली. हे आधी झाले असते, तर असंतोषाची धार बरीच कमी झाली असती, असे वाटते.

राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश या राज्यांनी जुनी योजना परत आणण्याचे निर्णय घेतल्यावर महाराष्ट्रातील मागणीला बळ मिळाले. संपाच्या सुमारास राज्याने तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली. जानेवारी २०२४ मध्ये, ज्यांच्या पदांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती त्यांना जुन्या योजनेचा पर्याय देण्यात आला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रापाठोपाठ राज्यानेही एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारली. केंद्राच्या योजनेत २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या पेन्शनची हमी आहे. कर्मचाऱ्याची १० टक्के कपात कायम असून शासनाचा वाटा १८.५ टक्के आहे. जमा निधी हमीला अपुरा पडला, तर वरची रक्कम पुन्हा तिजोरीतूनच द्यावी लागेल. जुन्या योजनेकडे परतलेल्या राज्यांची अडचण आणखी वेगळी आहे : कर्मचाऱ्यांच्या नावे आधीच जमा झालेला पैसा राज्यांना परत देण्याची तरतूद कायद्यात नाही, असे केंद्राने सांगितले आहे.