ट्विन टिप स्की : सहज वळणारी जोडी निवडताना

दोन्ही टोके वर वळवलेल्या स्कीला ट्विन टिप स्की म्हणतात. नेहमीच्या स्कीचे पुढचे टोक तेवढे वर वळलेले असते. मागचे, म्हणजे शेपटीकडचे टोक जवळजवळ सपाट असते आणि त्यामुळे ती पुढच्या दिशेनेच नीट चालते. ट्विन टिपवर पाठमोरे घसरता येते, उडी मारून पाठमोरे उतरताही येते. टेरेन पार्कातल्या (उड्या-कसरतींसाठी राखलेल्या उतारावरच्या) उड्या, लोखंडी रेल (वरून घसरत जायच्या दांड्या) आणि हाफपाइप (अर्ध्या नळीसारखी बर्फाची खोबण) यांच्यासाठी हा घाट तयार झाला, पण पार्काकडे कधी न फिरकणारेही आज तो सर्रास वापरतात. प्राथमिक धडे संपलेल्या, पण अजून पाय न बसलेल्या स्कीपटूला ‘ट्विन टिप घ्या, वळायला सोपी’ असा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. वळलेल्या शेपटीचा परिणाम वळणाच्या शेवटच्या टप्प्यावर तेवढा होतो. बाकी सगळे साइडकट (कडांचा मध्याकडे आत वळलेला घाट), ताठपणा, कंबरेची (मधल्या अरुंद भागाची) रुंदी, लांबी आणि बाइंडिंगची (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या जोडणीची) जागा यांवर ठरते. या गोष्टी चुकीच्या जमल्या तर ट्विन टिपसारखी हट्टी स्की नाही.

इतिहास : १९७० च्या दशकात फ्रीस्टाइल, म्हणजे उड्या-कसरतींच्या, स्कीइंगची पहिली लाट आली तेव्हा ऑलिन कंपनीने मार्क फोर ही मागचे टोक वळवलेली स्की काढली होती, पण तेव्हा हा घाट रुजला नाही. पुढे पार्क आणि हाफपाइप स्नोबोर्डवाल्यांनी काबीज केले आणि लांब, सरळ स्की पायाला बांधलेली मंडळी बाजूला पडली. १९९३ मध्ये एलान कंपनीची एससीएक्स ही खोल साइडकटची स्की आली आणि काही वर्षांतच सरळ स्की मागे पडल्या. १९९५ मध्ये जेसन लेव्हिन्थल यांनी लाइन ही कंपनी काढून दोन्ही टोके वळवलेल्या आखूड स्की बनवायला सुरुवात केली. खरी कलाटणी मिळाली ती १९९८ मध्ये. कॅनडाचे स्कीपटू माइक डग्लस आणि ‘न्यू कॅनेडियन एअर फोर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या साथीदारांनी मांडलेली कल्पना सालोमोन कंपनीने उचलली आणि टेन-एटी ही पूर्ण लांबीची ट्विन टिप स्की बाजारात आणली. हवेत घेतलेल्या तीन पूर्ण गिरक्या म्हणजे १०८० अंश. नाव त्यावरूनच पडले. २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीचे स्लोपस्टाइल (रेल आणि उड्यांच्या उतारावरच्या कसरती) आणि हाफपाइप हे प्रकार आले, तर २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बिग एअर (एकाच मोठ्या उडीचा प्रकार).

निवडीच्या दृष्टीने या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात घ्यायची. हा घाट वळण सोपे व्हावे म्हणून जन्मला नाही. मोठ्या उडीवरून वेगाने उतरणाऱ्या निष्णात खेळाडूंसाठी तो जन्मला. त्यामुळे आजही ट्विन टिपच्या दोन जाती शेजारी शेजारी टांगलेल्या दिसतात. एक स्पर्धेतल्या उड्यांसाठीची, ताठ आणि दणकट. दुसरी रेलवर खेळण्यासाठीची किंवा सगळ्या उतारांवर फिरण्यासाठीची, मऊ ते मध्यम. दुरून दोन्ही सारख्याच दिसतात, आणि रंगीबेरंगी चित्रांवरून तर काहीच कळत नाही.

वळण कसे घडते : स्की कडेवर कलली की साइडकटमुळे तिचा मधला भाग अधांतरी राहतो. वजन पडले की ती वाकते, कड बर्फाला टेकते आणि स्की त्या कमानीच्या मागे जाते. साइडकट किती खोल आहे ते स्कीवर छापलेल्या तीन आकड्यांवरून काढता येते. समजा १२०-८६-११० असे आकडे आहेत : पुढची रुंदी, कंबर आणि शेपटीची रुंदी, सगळे मिलिमीटरमध्ये. दोन टोकांच्या रुंदीची बेरीज २३०. त्यातून कंबरेची दुप्पट १७२ वजा केली की ५८ उरतात आणि त्याला ४ ने भागले की साइडकटची खोली १४.५ मिलिमीटर मिळते. बर्फाला टेकणाऱ्या लांबीचा वर्ग या खोलीच्या आठपटीने भागला की वळणाची त्रिज्या येते. टेकणारी लांबी १५० सेंटिमीटर असेल तर ती सुमारे १९.४ मीटर, १४० असेल तर सुमारे १७. रुंदी तीच, लांबी दहा सेंटिमीटरने कमी, आणि वळण अडीच मीटरने आवळले. (कंपन्या प्रत्येक लांबीसाठी आकडे थोडे बदलतात, त्यामुळे छापील त्रिज्या असेल तर तीच प्रमाण मानावी.) स्की जितकी जास्त कलते तितके वळण आणखी आवळते : १७ मीटरची स्की ३० अंश कलली तर साधारण १५ मीटरचे वळण घेते, ४५ अंशांवर १२ मीटरचे.

निष्णात नसलेल्या माणसासाठी १४ ते १८ मीटर त्रिज्या हा सुखाचा पट्टा. २० च्या पुढची स्की वेग मागते. मंद गतीने चालवली तर नुसती सरळ पळत राहते. १२ च्या आतली स्की उलट टोकाची उतावीळ असते. पाय नुसता हलला तरी कड पकडते आणि सरळ घसरायचे म्हटले तर सतत चुळबुळ करते.

पण त्रिज्येवर सगळा भरवसा ठेवू नये. मध्यम तयारीचा स्कीपटू बहुतेक वळणे कडेवर कोरत नाही, स्की आडवी फिरवून घसरवत काढतो. अशा वळणात स्की किती सहज फिरते, टोक बर्फात अडकते की सुटते आणि शेपूट मागून येते की अडून बसते, हे जास्त महत्त्वाचे. रॉकर कामाला येतो तो इथे. टोकाकडचा भाग वजन पडण्यापूर्वीच बर्फापासून थोडा उचललेला असेल तर वळणाची सुरुवात हलकी होते. या उचललेपणाला रॉकर म्हणतात. तो नावारूपाला आला स्कीपटू शेन मॅक्कॉन्की यांच्या कल्पनेतून उतरलेल्या आणि २००२ मध्ये व्होलांट कंपनीने काढलेल्या स्पॅट्युला या स्कीपासून. ती खोल भुसभुशीत बर्फासाठी होती आणि तिची कमान नेहमीच्या उलट होती. साध्या उतारासाठी इतके टोक गाठायची गरज नाही. पुढे-मागे थोडा रॉकर आणि पायाखाली नेहमीचा कॅम्बर (मध्याची वर उचललेली कमान) ही जोडी सर्वांत समजूतदार. पूर्ण रॉकरची स्की गोल फिरते खरी, पण कडक बर्फावर तिची पकड सुटते आणि नवख्याच्या पोटात गोळा येतो.

हे हातात घेऊनच तपासता येते. दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धराव्यात आणि बाजूने पाहावे. मधे काही मिलिमीटरची फट दिसेल, तो कॅम्बर. ती फट मुठीने दाबून मिटवली की वर आणि खाली दोन्ही स्की एकमेकींपासून जिथे दूर होऊ लागतात तिथवरच त्या बर्फाला टेकणार. ट्विन टिपमध्ये शेपटीकडची ही जागा टोकापासून बरीच आत असते. फट मिटवायला फार जोर लागला तर ती स्की हलक्या माणसाची नव्हे.

शेपूट : वळणाच्या शेवटी सपाट, ताठ शेपूट बर्फ धरून ठेवते आणि पुढच्या वळणात ढकलते. तयार माणसाला हा रेटा हवाच असतो. वजन मागे टाकून बसणाऱ्या माणसाला मात्र तीच शेपूट वळण संपवू देत नाही आणि स्की उताराच्या दिशेने निसटते. वर वळलेली, मऊ शेपूट अशा वेळी सोडून देते आणि वळण चुकले तरी निभावते. ‘सोपी’ या शब्दामागे इतकेच तथ्य आहे. याची किंमत अशी की मागे झुकल्यावर आधार कमी मिळतो, म्हणून मागे बसण्याची सवय या स्कीने सुटत नाही. ती खपून जाते. वेगात मागून बर्फाचा फवारा उडतो आणि पाठोपाठ येणारा वैतागतो, तो भाग वेगळा.

ताठपणा मोजायचे सर्वमान्य प्रमाण नाही. प्रत्येक कंपनीची १ ते १० ची आपली आपली पट्टी असते आणि एकीची ५ ही दुसरीची ७ असू शकते. शेपूट जमिनीवर टेकवून, एका हाताने टोक धरून दुसऱ्या हाताने मध्यावर दाबावे : स्की सर्वत्र सारखी वाकते की पायाखाली ताठ आणि टोकांना मऊ आहे, ते लगेच कळते. दुसरा प्रकार बरा. पॉप्लर किंवा पॉलोनियासारख्या हलक्या लाकडाचा गाभा आणि फायबरग्लास एवढ्यावर बनलेली स्की सहसा मऊ ते मध्यम असते. टायटॅनल या अॅल्युमिनियम मिश्रधातूचे पूर्ण लांबीचे थर घातलेली स्की वेगात शांत राहते, पण तिला वाकवायला वजन आणि वेग दोन्ही लागतात. ५५ किलोच्या आणि ९० किलोच्या माणसाला एकच स्की ‘मध्यम’ वाटणार नाही, हे सल्ला देणारे हटकून विसरतात.

कंबरेची रुंदी : दाबून सपाट केलेल्या उतारांसाठी ८० ते ९० मिलिमीटर पुरे. ९५ पर्यंत थोडा ताजा बर्फही झेपतो. १०० च्या पुढची स्की एका कडेवरून दुसरीवर न्यायला जास्त वेळ आणि गुडघ्यात जास्त जोर लागतो. कडक बर्फावर ते दिवसभर जाणवते.

लांबी : छापील लांबीत दोन्ही वळलेली टोके धरलेली असतात. म्हणून १६५ सेंटिमीटरची ट्विन टिप बर्फावर त्याच लांबीच्या साध्या स्कीपेक्षा आखूड वाटते. हनुवटी ते कपाळ हा नेहमीचा पट्टा इथेही चालतो, फक्त निवड नाकाच्या वर सरकवावी. १७० सेंटिमीटर उंचीच्या आणि सुमारे ७० किलो वजनाच्या माणसाला १६२ ते १६८ च्या आसपासची जोडी ठीक बसेल. वजन जास्त असेल किंवा वेगाची हौस असेल तर वरचा आकडा, बिचकत चालणाऱ्यासाठी खालचा. ‘सोपी हवी’ म्हणून हनुवटीच्याही खाली उतरणे ही मात्र खोटी बचत : अशी स्की पहिल्या दिवशी लाडकी वाटते आणि वेग वाढला की थरथरते.

बाइंडिंगची जागा : या मुद्द्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि ट्विन टिपमध्ये तोच सर्वांत निर्णायक ठरतो. साध्या स्कीवर बुटाचा मध्य स्कीच्या मध्यापासून बराच मागे असतो. पार्कातल्या स्कीवर तो थेट मध्यावर किंवा दोन-तीन सेंटिमीटरच मागे असतो, कारण गिरकी घेताना आणि पाठमोरे जाताना दोन्ही बाजू सारख्या लागतात. मध्यावर बांधलेली स्की पायाखाली भोवऱ्यासारखी फिरते. पण पुढे स्की कमी उरल्याने मऊ बर्फात टोक बुडते, आणि मागे जास्त उरल्याने शेपटीचा वळणारा गुण निम्मा वाया जातो. उड्या मारायच्या नसतील तर कंपनीने आखलेल्या रेघांपैकी मागची निवडावी. एकच रेघ असेल तर तीच. एकदा स्क्रूची भोके पाडली की फेरविचार महागात पडतो. रुळावर सरकणारी बाइंडिंग असलेली भाड्याची जोडी मिळाली तर दोन्ही जागा एकाच दिवसात अनुभवता येतात.

बाइंडिंग किती दाबाला सुटावी हा आकडा आयएसओ ११०८८ या मानकानुसार वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीपटूचा प्रकार यांवरून काढतात. प्रकार सांगताना बढाई मारू नये. आकडा वाढला तर पडताना बूट सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. ब्रेकची रुंदी कंबरेपेक्षा थोडी जास्त हवी, पण फार जास्त नको. बाहेर आलेले ब्रेक कलताना बर्फात अडकतात. बुटाचा तळ कोणत्या मानकाचा आहे आणि बाइंडिंग तो घेते का, हेही तंत्रज्ञाकडून पाहून घ्यावे.

चाचणी : भाड्याची स्की ‘फारच सोपी’ वाटली तर आधी कड नखावर घासून पाहावी. धार असेल तर नखाचा बारीक चुरा निघतो. बोथट स्की कोणाच्याही पायाखाली आडवी घसरते. त्यात तिच्या घाटाचे श्रेय काही नाही. टोकाशी आणि शेपटीशी काही सेंटिमीटर धार मुद्दाम बोथट केलेली असेल तर ती ट्विन टिपमध्ये नेहमीची गोष्ट आहे, दोष नव्हे. त्याने टोक बर्फात चटकन अडकत नाही.

जुनी जोडी घेताना पायाखालची, कंबरेजवळची कड बोटाने चाचपावी. रेलवर घासलेल्या स्कीची कड नेमकी तिथे तडकते किंवा बाहेर येते आणि तडा एकदा लांबला की दुरुस्ती टिकत नाही. शेपटीवर थर सुटले आहेत का, तेही पाहावे. ट्विन टिप भिंतीला टेकून नीट उभी राहत नाही, घसरून पडते आणि मार शेपटीलाच बसतो. तळाला गाभ्यापर्यंत गेलेला खड्डा असेल तर पाणी आत शिरून लाकूड फुगते. बाइंडिंग फार जुनी असेल तर अनेक तंत्रज्ञ ती जुळवून द्यायला नकार देतात, त्यामुळे स्वस्तात मिळालेल्या जोडीवर नव्या बाइंडिंगचा खर्च आधीच धरलेला बरा.