दोन शहरांमधले अंतर: आकाशातले, रस्त्यावरचे आणि घड्याळातले

दोन शहरांमधले अंतर किती, या प्रश्नाला एकच उत्तर नसते. पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे किमान अंतर, विमान प्रत्यक्ष कापते ते अंतर आणि रस्त्याने पडणारे अंतर हे तीन वेगळे आकडे आहेत, आणि त्यांपैकी एकाही आकड्यावरून प्रवासाला लागणारा वेळ थेट सांगता येत नाही.

सपाट नकाशावरची सरळ रेघ तर फसवीच असते. माद्रिद आणि न्यूयॉर्क ही शहरे जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर, विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण ४०.५ अंशांवर वसलेली आहेत. नाकासमोर पश्चिमेला गेल्यास सुमारे ५,९५० किलोमीटर पडतात. परंतु पृथ्वीगोल घेऊन या दोन शहरांवर दोऱ्याची टोके दाबून धरली आणि दोरा ताणला, तर तो उत्तरेकडे सरकतो, मध्यावर ४६ अंशांपर्यंत चढतो आणि तरीही ५,७७० किलोमीटरच भरतो. हा दोरा म्हणजे बृहद्वृत्ताचा, म्हणजेच ज्याचे केंद्र आणि पृथ्वीचे केंद्र एकच आहे अशा वर्तुळाचा, एक तुकडा होय. त्याची लांबी काढण्याची रीत मला फार देखणी वाटते: पृथ्वीच्या केंद्रापाशी या दोन शहरांमध्ये सुमारे ५२ अंशांचा कोन होतो, आणि दर अंशाला १११ किलोमीटर धरले की उत्तर हाती येते.

विमान या रेषेला शक्य तितके धरून असते, पण वारा पाहून ती सोडतेही. मध्य अक्षांशांवर ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट प्रवाह वाहतात. त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला जाताना परतीच्या तुलनेत साधारण तासभर कमी लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तर वादळी वाऱ्याच्या साथीने एका प्रवासी विमानाने हे अंतर ५ तासांच्या आतच कापले.

रस्ता डोंगराला वळसा घालतो, पुलासाठी नदीकाठाने जातो, वाटेतली गावे जोडतो. म्हणून तो सरळ अंतराच्या साधारण सव्वा ते दीडपट भरतो. वेळेचा हिशेब करताना मात्र बहुतेकांची चूक होते ती सरासरी वेगात. समजा, ३०० किलोमीटरांपैकी २५० किलोमीटर ताशी १०० च्या वेगाने आणि शहरांतले ५० किलोमीटर ताशी २५ च्या वेगाने कापले. पहिल्या टप्प्याला अडीच तास लागतात, तर दुसऱ्या, जेमतेम एक षष्ठांश टप्प्याला पूर्ण २ तास. एकूण सरासरी ताशी ६७ किलोमीटरच्याही आत राहते, कारण सरासरीत किलोमीटरांना नव्हे, तर प्रत्येक वेगाने घालवलेल्या वेळेला वजन असते.

विमानप्रवासातही असेच मंद भाग असतात: विमानतळ गाठणे, तपासणी, धावपट्टीपर्यंतची रांग, सामानाची वाट. हे सगळे मिळून ४ तास लागतात आणि हवेतला सरासरी वेग ताशी ७०० किलोमीटर आहे असे धरू. रस्ता सरळ अंतराच्या १.३ पट आणि त्यावरचा वेग ताशी ६५ किलोमीटर मानू. या आकड्यांनुसार सरळ अंतर सुमारे २१५ किलोमीटर असेल, तिथे दोन्ही प्रवासांना सारखाच वेळ लागतो. त्याच्या अलीकडे मोटार आधी पोहोचते, पलीकडे विमान. विमानतळावरचा एक तास वाचला, तर हीच सीमा सुमारे १६० किलोमीटरांवर येते.