टर्बाइन फ्लो मीटर : कमी प्रवाहातील संकेतदोष

टर्बाइन फ्लो मीटरमध्ये द्रवाच्या वेगाने रोटर फिरतो आणि त्याचे प्रत्येक पाते चुंबकीय पिकअप कॉइलसमोरून जाताना एक पल्स तयार होतो. एका लिटरला किती पल्स, हा त्या मीटरचा के-फॅक्टर. प्रवाह फार कमी झाला की आकडा थरथरतो, खरा प्रवाह असूनही कमी दाखवतो किंवा थेट शून्यावर येतो. नागपूरजवळची बुटीबोरी असो की हिंगणा एमआयडीसी, काउंटर (पल्स मोजून आकडा दाखवणारे यंत्र) बदलण्याची घाई करण्याआधी एवढे ठरवायलाच हवे: रोटर फिरत नाही, की फिरूनही पल्स पोहोचत नाही?

फॅरडेच्या नियमानुसार कॉइलमधला व्होल्टेज पात्यांच्या वेगाप्रमाणे कमी-जास्त होतो. प्रवाह दहाव्या हिश्श्यावर आला की पल्सची वारंवारिता तर घटतेच, उंचीही जवळपास तेवढीच घटते. 200 मिलिव्होल्टचे 20 उरतात. काउंटरची ट्रिगर पातळी, म्हणजे पल्स ओळखण्यासाठी लागणारा किमान व्होल्टेज, त्याहून वर असेल तर पल्स मोजलाच जात नाही. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लाट दाखवणारे उपकरण) थेट कॉइलच्या दोन तारांवर लावावा. तिथे स्वच्छ लाट दिसली तर काउंटरची संवेदनशीलता वाढवावी किंवा मीटरच्या डोक्यावरच संकेत वाढवणारा प्रीअॅम्प्लिफायर बसवावा. लाट क्षीण असेल तर कॉइल कंपनाने सैल होऊन वर सरकली आहे का, हे पाहावे. थोडेसे अंतरही पल्स पुष्कळ खाते.

संवेदनशीलता वाढवली की नॉइजही, म्हणजे बाहेरचे नको असलेले विद्युत संकेतही, आत येतो. समजा के-फॅक्टर 600 आहे आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना पडद्यावर मिनिटाला 5 लिटर स्थिर दिसतात. हिशेब उलटा करा: 3000 पल्स मिनिटाला, म्हणजे सेकंदाला 50. हा आपल्या वीजपुरवठ्याचा 50 हर्ट्‌झचा गुणगुणाट आहे, प्रवाह नव्हे. पिळाची शील्डेड केबल, शील्डला एकाच टोकाला अर्थिंग आणि मोटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) यांच्या केबलपासून वेगळा ट्रे, हा त्यावरचा पक्का इलाज.

लाटच नसेल तर कॉइलचा रोध मल्टिमीटरने मोजावा. तो ठीक असेल तर दोष यांत्रिक समजावा. रोटरला गुंडाळलेला टेफ्लॉन टेपचा धागा किंवा बेअरिंगमधला गाळ जास्त प्रवाहात लपतो, कमी प्रवाहात रोटर अडवतो. तपासताना कॉम्प्रेसरची हवा कधीही मारू नये. रोटर बेफाम फिरून बेअरिंग जाते.

तेलाच्या लाइनवर नागपूरचे हवामानही मोजमापात उतरते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे 10च्या खाली येतो. उघड्यावरच्या लाइनमधले तेल थंडीत घट्ट होते, रोटरला होणारा अडथळा वाढतो आणि कमी प्रवाहात के-फॅक्टर घसरतो. दुपारी बरोबर आणि पहाटे कमी, असा आकडा दिसला तर आधी तेलाचे तापमान पाहावे.

मीटरची उपयुक्त कक्षा साधारण 10 : 1 असते, म्हणजे कमाल प्रवाहाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतच आकडा भरवशाचा. प्रवाह कायमच तळाशी राहत असेल तर लहान मापाचा मीटर बसवावा, किंवा आरएफ (रेडिओ वारंवारितेवर चालणारा) पिकअप. त्यात चुंबक नसल्याने रोटरवरची चुंबकीय ओढ नाहीशी होते.