कचरा, पाणी आणि बुडण्याचा पहिला क्षण

प्लास्टिक पाण्यावर तरंगतं, हा समज भलताच पक्का आहे. पाण्याची रिकामी बाटली तरंगते हे खरं, पण ती आतल्या हवेच्या जोरावर. त्याच बाटलीचे कात्रीने तुकडे करा, पाण्यात टाका आणि बोटाने एकदा पृष्ठभागाखाली दाबा. ते सरळ तळाशी जातात. झाकणाचे तुकडे मात्र कितीही दाबले तरी पुन्हा वर येतात. बाटली असते पेट या प्लास्टिकची, त्याची सापेक्ष घनता सुमारे 1.38. झाकण पॉलिप्रॉपिलीनचं किंवा एचडीपीईचं, घनता 0.90 ते 0.97. पाण्याची 1. पुनर्वापर कारखान्यातली पहिली मोठी टाकी एवढ्याच फरकावर चालते. बाटल्या झाकणांसकट दळायच्या, चुरा पाण्यात सोडायचा, वरचा माल वरून काढायचा आणि खालचा खालून.

तरंगणाऱ्या दगडाचे व्हिडिओ अधूनमधून चमत्कार म्हणून फिरतात. तो बहुधा प्यूमिस असतो, म्हणजे वायूच्या असंख्य बुडबुड्यांसकट गोठलेला ज्वालामुखीचा खडक. बारीक कुटला तर त्याची पूड बुडते. थर्मोकोलचंही तेच आहे. ते ज्या पॉलिस्टायरीनपासून बनतं त्याची घनता 1.05 आहे, म्हणजे मूळ पदार्थ बुडणारा. वस्तूच्या पोटातली हवा ही घनतेच्या हिशोबातली सगळ्यात मोठी लबाडी, आणि म्हणूनच कचरा वेगळा करण्याआधी तो दळावा लागतो. दळल्यावरही तुकड्यांना चिकटलेले बुडबुडे त्यांना वर ओढतात. त्यावर उपाय म्हणून पाण्यात थोडा साबणासारखा पदार्थ घालतात. त्यामुळे तुकडा नीट भिजतो आणि बुडबुडा सुटतो.

इथवर सोपं आहे. पण दोन्ही पदार्थ बुडणारेच असतील तर? समजा, पेट आणि पॉलिस्टायरीनचा मिश्र चुरा आहे. सरळ उपाय म्हणजे पाणीच जड करायचं. मीठ विरघळवत गेलं की घनता वाढत जाऊन 1.2 च्या आसपास थांबते, कारण त्यापुढे मीठ विरघळत नाही. अशा पाण्यात पॉलिस्टायरीन तरंगतं, पेट बुडतं. धातूंसाठी याहून जड द्रव हवा, म्हणून पाण्यात फेरोसिलिकॉनची बारीक भुकटी घोळवतात. हे मिश्रण घनता 3 च्या पुढे गेलेल्या द्रवासारखं वागतं. त्यात 2.7 घनतेचं अॅल्युमिनियम तरंगतं आणि 8.96 चं तांबं बुडतं. भुकटी चुंबकाने परत गोळा करता येते, ही त्यातली खरी हुशारी.

पण प्रत्येक जड द्रव धुऊन काढावा लागतो, मिठाने यंत्रं गंजतात. मग साध्या पाण्यातच, जो जास्त वेगाने बुडतो तो वेगळा, असं करता येणार नाही का? इथे मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग दिसतो.

पाण्यात बुडणारा तुकडा वेग घेतो तसा पाण्याचा विरोध वाढतो, आणि लवकरच उत्प्लावक बल (पाणी वस्तूला वर ढकलतं ते बल) वजा जाता उरलेलं वजन व हा विरोध बरोबरीला येऊन वेग स्थिर होतो. हा अंतिम वेग. अडचण अशी की तो घनतेइतकाच आकारावरही ठरतो. मोठ्या तुकड्यांसाठी तो (तुकड्याची घनता − पाण्याची घनता) × व्यास या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पेटसाठी हा घनताफरक 0.38, पॉलिस्टायरीनसाठी 0.05, म्हणजे सुमारे साडेसातपट. याचा अर्थ 2 मिलिमीटरचा पेटचा तुकडा आणि 15 मिलिमीटरचा पॉलिस्टायरीनचा तुकडा अंदाजे एकाच वेगाने बुडतील. दळलेल्या कचऱ्यात लहान-मोठे सगळेच तुकडे असतात, त्यामुळे वेग बघून घनता ओळखता येत नाही.

आता तुकडा सोडल्याचा अगदी पहिला क्षण घ्या. वेग शून्य आहे, म्हणून पाण्याचा विरोधही शून्य आहे. तुकड्यावर फक्त वजन आणि त्याच्या विरुद्ध उत्प्लावक बल. दोन्ही आकारमानाच्या प्रमाणात, वस्तुमानही आकारमानाच्या प्रमाणात, म्हणून भागाकार करताना आकारमान उडून जातं. उरतं ते त्वरण: गुरुत्वत्वरण × (1 − 1/सापेक्ष घनता). या सूत्रात आकार कुठेच नाही! पेटसाठी कंसाची किंमत 0.275, पॉलिस्टायरीनसाठी 0.048. म्हणजे सुरुवातीचं त्वरण अनुक्रमे सुमारे 2.7 आणि 0.47 मीटर प्रति सेकंद वर्ग, जवळपास सहापट फरक. तुकड्याला आपल्यासोबत थोडं पाणीही ढकलावं लागतं, त्यामुळे हे दोन्ही आकडे प्रत्यक्षात कमी भरतात, पण सारख्याच घडणीच्या तुकड्यांत लहान-मोठा हा भेद तरीही शिरत नाही. पहिल्या क्षणी निसर्ग फक्त घनता बघतो.

मग त्या क्षणापुरतंच बुडू द्यायचं आणि थांबवायचं, पुन्हा बुडू द्यायचं, पुन्हा थांबवायचं. जिग हे यंत्र नेमकं हेच करतं. चाळणीवर चुऱ्याचा थर असतो आणि खालून पाण्याचे ठोके येत राहतात. प्रत्येक ठोक्याला थर उचलला जातो, सैल होतो आणि पुन्हा बसतो. अंतिम वेग गाठायला कुणाला सवडच मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक छोट्या घसरणीत जड पदार्थ हलक्याच्या किंचित खाली जातो. शेकडो ठोक्यांनंतर तळाशी जड थर आणि वर हलका थर तयार होतो. थर बसताना पाणी खाली ओढलं जातं, तेव्हा जड पदार्थाचे बारीक कण मोठ्या तुकड्यांच्या फटींतून झिरपून आणखी खाली जातात, तो वेगळा फायदा. खाणकामात ही युक्ती निदान 16व्या शतकापासून वापरात आहे. तिथे खनिज आणि दगड होते, इथे कचरा आहे, गणित तेच.

हेच हवेत का जमत नाही? हवेची घनता पाण्याच्या सुमारे आठशेव्या भागाइतकी, त्यामुळे उत्प्लावक बल नगण्य आणि सगळ्यांचं सुरुवातीचं त्वरण जवळपास सारखंच. हवेच्या झोताने कागद आणि प्लास्टिकची पिशवी उडते ती घनता कमी म्हणून नव्हे, तर वजनाच्या मानाने पसारा मोठा म्हणून. पेटचा पातळ पापुद्रा उडेल, त्याच पेटचा जाड तुकडा खाली पडेल. तेव्हा हवेने वेगळं करणाऱ्या यंत्राला सर्रास 'घनतेवर चालणारं' म्हणतात, ते मला पटत नाही.

एका बाजूने मिसळलेला कचरा घाला, दुसऱ्या बाजूने शुद्ध माल घ्या, अशा जाहिरातींवर माझा विश्वास नाही, आणि कारण या आकड्यांतच आहे. काचेची घनता 2.5, अॅल्युमिनियमची 2.7. कंसाच्या किमती 0.60 आणि 0.63, जिग इथे हतबल. (अॅल्युमिनियम वीजवाहक आहे, म्हणून बदलत्या चुंबकीय क्षेत्राने ते काचेतून उडवून बाजूला काढतात.) 20 टक्के टाल्क (एका मऊ खनिजाची पूड) मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलीनची घनता 1.04 च्या आसपास जाते आणि ते बुडणाऱ्यांत मिसळतं. पीव्हीसी तर पेटच्याच पट्ट्यात बसतं, 1.3 ते 1.45. पेट वितळवायला 250 अंश सेल्सिअसहून जास्त तापमान लागतं. तिथे पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड सोडतं, आणि त्याने पेटच्या लांब साखळ्या तुटतात, माल पिवळा-काळा पडतो. थोडंसं पीव्हीसीही पुरेसं असतं. ही जोडी वेगळी करायला अवरक्त किरणांनी प्रत्येक तुकड्याची रासायनिक ओळख पटवावी लागते, किंवा पृष्ठभागाचे गुण बदलून फक्त एकाला बुडबुडे चिकटतील अशी व्यवस्था करावी लागते. आधी सुटका करून घ्यायची त्याच बुडबुड्यांचा इथे कामासाठी उपयोग होतो.

आणि बहुपदरी पाकिटांसमोर हे सगळे उपाय थांबतात. पॉलिथिलीन, अॅल्युमिनियम आणि पेट असे मायक्रोमीटरमध्ये मोजायचे पदर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते कितीही बारीक दळले तरी प्रत्येक कणात तिन्ही पदर राहतात, आणि पाण्याला दिसते ती त्यांची सरासरी घनता. पदर आधी रसायनांनी सोडवल्याशिवाय टाकीचा किंवा जिगचा तिथे काहीच उपयोग नाही.